दोन ब्लूज गिटारवादक शेजारी ठेवून कसे ऐकावेत

ब्लूज या अमेरिकी संगीतप्रकारात गिटारवादक म्हणून बी. बी. किंग मोठा की अल्बर्ट किंग, हा वाद रात्रभर चालतो आणि कुठेच पोचत नाही. एकाच्या डोक्यात 1964चा रीगल थिएटरमधला बी. बी. असतो, दुसऱ्याच्या डोक्यात स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओतला अल्बर्ट. एकाने हेडफोनवर ऐकलेलं असतं, दुसऱ्याने गाडीत. गाणं वेगळं, लय वेगळी, बँड वेगळा, रेकॉर्डिंग वेगळं. अशा तुलनेतून वादकापेक्षा आपली सवयच जास्त कळते.

वादकाबद्दल खरंच काही समजून घ्यायचं असेल तर एक नियम पाळा: गाणं, वादक, बँड आणि रात्र यांपैकी जमेल तेवढं सारखं ठेवा आणि एकच गोष्ट बदलू द्या. मग जो फरक ऐकू येईल तो कशामुळे आहे, हे बोट ठेवून सांगता येतं. दोन ते सहा माणसं, दीड तास, कागद, पेन आणि बरे स्पीकर एवढं असलं की बैठक जमते. एकट्यानेही चालतं, फक्त मग स्वतःशी जरा जास्त कडक राहावं लागतं.

जोडी निवडणं

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात शिकवणारी जोडी म्हणजे एकच वादक, एकच गाणं, दोन वेगळ्या रात्री. सुरुवात इथूनच करा. यात आवडनिवड आड येत नाही, कारण दोन्हीकडे माणूस तोच असतो.

बी. बी. किंगचे दोन लाइव्ह अल्बम यासाठी अगदी योग्य आहेत. पहिला शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये 21 नोव्हेंबर 1964 रोजी रेकॉर्ड झालेला, दुसरा शिकागोच्याच कुक काउंटी तुरुंगात 10 सप्टेंबर 1970 रोजी. ‘एव्हरी डे आय हॅव द ब्लूज’ आणि ‘हाऊ ब्लू कॅन यू गेट’ ही दोन गाणी दोन्हीकडे आहेत. रीगलमधला श्रोता तिकीट काढून, बी. बी.ची गाणी पाठ करून आलेला आहे. ओळ संपायच्या आत तो किंचाळतो. तुरुंगात सुरुवातीलाच अधिकाऱ्यांची नावं पुकारली जातात तेव्हा कैदी त्यांची हुर्यो उडवतात, आणि अशा वातावरणात बी. बी.ला पहिला सूर लावायचा आहे. दोन्हीकडे ‘एव्हरी डे’ची लय मोजा (टॅप टेम्पोचं कुठलंही मोफत ॲप चालेल), मग ‘हाऊ ब्लू’मध्ये बँड थांबून थांबून एकेक ठोका देतो तो भाग ऐका. त्या थांब्यांमध्ये बी. बी. किती वेळ वाट पाहतो, हे दोन्ही रात्री वेगळं आहे का, एवढ्या एका प्रश्नावर अर्धा तास आनंदात जातो.

टेक्ससचा गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन याची स्वित्झर्लंडच्या माँत्रो महोत्सवातली जोडीही अशीच. 1982 साली तो तिथे गेला तेव्हा त्याचा पहिला अल्बम यायचा होता, त्या संध्याकाळचा श्रोता अकूस्टिक ब्लूजसाठी जमला होता, आणि त्याच्या वाट्याला चक्क हेटाळणी आली; ती रेकॉर्डिंगवर ऐकू येते. 1985 साली तोच मंच, तोच माणूस, पण आता मोठं नाव झालेला. ‘प्राइड अँड जॉय’ आणि ‘टेक्सस फ्लड’ दोन्ही वर्षी आहेत. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची: 1982 मध्ये टॉमी शॅननचा बास आणि ख्रिस लेटनचे ड्रम्स एवढेच सोबत आहेत, 1985 मध्ये रीस वायनन्सचा कीबोर्ड आला आहे. तिघांच्या बँडमध्ये सोलो (गिटारचं एकटीचं वादन) चालू असताना कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरायला दुसरं कोणी नसतं, त्यामुळे गिटारला मधल्या जागाही भराव्या लागतात. म्हणून 1985चं वादन जास्त मोकळं वाटलं, तर तो वादकातला बदल आहे की कीबोर्डचा परिणाम, हे आधी तपासा.

दुसरा प्रकार म्हणजे एकच गाणं, वादक वेगवेगळे. ‘हाइड अवे’ घ्या. फ्रेडी किंगने ते 1960 साली सिनसिनाटीत रेकॉर्ड केलं. जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर एरिक क्लॅप्टनने ते 1966 मध्ये वाजवलं, आणि वर सांगितलेल्या 1982च्या माँत्रो मैफिलीची सुरुवात व्हॉनने त्याच तुकड्याने केली. गाणं शब्दांविना आहे, त्यामुळे गायकाचा आवाज आवडला म्हणून गिटार आवडली, असं होत नाही. फ्रेडी आणि क्लॅप्टन दोघेही ‘ई’ या पट्टीत वाजवतात, व्हॉनची बोटं ‘ई’च्याच जागी असतात, पण त्याची गिटार अर्धा सूर खाली लावलेली असल्याने ऐकू येतो ‘ई फ्लॅट’. तुमच्यापैकी कोणी गिटार घेऊन साथ करणार असेल तर हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘हा बेसूर आहे’ असं म्हणून उगाच दहा मिनिटं जातील.

‘स्टॉर्मी मंडे’ हीसुद्धा अशीच खाण आहे, पण तिच्यात एक खाच आहे. टी-बोन वॉकरचं मूळ 1947चं. पुढे बॉबी ब्लँडने ते गायलं तेव्हा, वेन बेनेटच्या गिटारसह, त्यातल्या कॉर्ड बदलल्या. आणि ऑलमन ब्रदर्सनी 1971 मध्ये फिलमोर ईस्टला जे वाजवलं ते ब्लँडच्या वळणाचं आहे, वॉकरच्या नाही. वॉकर आणि ड्वेन ऑलमन यांना थेट समोरासमोर ठेवाल तर अर्धा फरक कॉर्डचाच निघेल. मध्ये बेनेट ठेवून तिघांना क्रमाने ऐका.

तिसरा प्रकार दुर्मीळ: एकच रात्र, एकच बँड, दोन वादक. 6 डिसेंबर 1983 रोजी कॅनडातल्या हॅमिल्टन इथे टीव्हीसाठी अल्बर्ट किंग आणि स्टीव्ही रे व्हॉन एकत्र वाजले. बँड अल्बर्टचा, व्हॉन पाहुणा. त्यातलं ‘ब्लूज ॲट सनराइज’ सुमारे 15 मिनिटं चालतं. तेच गाणं अल्बर्टने जून 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर ऑडिटोरियमला वाजवलेलंही उपलब्ध आहे, म्हणजे एका गाण्यावर दोन्ही प्रकारची तुलना होते. माझ्या मते ब्लूज गिटार समजून घ्यायला याहून चांगली जोडी नाही. व्हॉन अल्बर्टची कितीतरी वाक्यं उचलतो, आणि तरीही दोघांत गल्लत होत नाही. ती का होत नाही, हेच शोधायचं आहे.

आवाज आणि साधनं

तुलनेत सगळ्यात जास्त फसवतो तो आवाजाचा मोठेपणा. दोन ट्रॅकपैकी जो किंचित मोठा वाजतो तो कानाला ‘जास्त जिवंत’ वाटतो, आणि आपण श्रेय वादकाला देतो. 1960च्या दशकातली मूळ प्रत आणि नवी रीमास्टर केलेली प्रत यांच्यात हा फरक चांगलाच असतो. स्ट्रीमिंग ॲपमध्ये व्हॉल्यूम नॉर्मलायझेशनचा पर्याय चालू ठेवा. मग प्रत्येक ट्रॅकचे गाण्याचे 30 सेकंद वाजवून गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा ऐकू येईपर्यंत व्हॉल्यूम जुळवा. गिटारवरून जुळवू नका. एकाची गिटार बँडच्या पुढे आणि दुसऱ्याची मागे असणं हा ऐकण्याचाच विषय आहे, तो आधीच पुसून टाकायचा नाही. शब्दांविना असलेल्या तुकड्यात ड्रम्सच्या स्नेअरवरून जुळवा.

फोनच्या स्पीकरवर हे काम होत नाही. बास जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि बास नसला की शफलचा, म्हणजे ब्लूजच्या डुलत्या तालाचा, झोल कळत नाही. मग वादक तालाच्या मागे राहतोय की पुढे धावतोय, हे ठरवणार कशावरून? साधे दोन बुकशेल्फ स्पीकर किंवा तारेचे हेडफोन पुरेत. ब्लूटूथ चालेल, फक्त व्हिडिओ बघत असाल तर चित्र आणि आवाज यांत किंचित अंतर पडू शकतं, आणि त्यावरून ‘बोट आधी पडलं, सूर नंतर आला’ असे निष्कर्ष काढू नका.

यूट्यूबवर वेग 0.5 केला तरी पट्टी तीच राहते. ही सोय बेंड (तार ओढून सूर चढवणं) आणि व्हायब्रेटो (सुराला दिलेला कंप) तपासायला फार उपयोगी आहे, पण तपासण्यापुरतीच. आधी नेहमीच्या वेगात तीनदा ऐकल्याशिवाय वेग कमी करायचा नाही.

बारा बार मोजता आले पाहिजेत

मोजणी आली नाही तर तुलना ‘सुरुवातीला छान होतं, मग कंटाळा आला’ यापलीकडे जात नाही. एक कोरस म्हणजे बारा बार, प्रत्येक बारात चार ठोके, एकूण 48 ठोके. ख्याल ऐकणाऱ्याने याला आवर्तन समजावं, म्हणजे अर्धं काम झालं: वादक समेवर कसा येतो, समेआधी संपवतो की ओलांडून पलीकडे जातो, हे कान आपोआप शोधू लागतात.

‘ई’मध्ये मांडणी अशी: चार बार ई, दोन ए, दोन ई, मग एक बी, एक ए, एक ई, आणि शेवटचा बार पुन्हा बी, म्हणजे पुढच्या कोरसकडे परत नेणारा टर्नअराउंड. पुष्कळदा दुसऱ्याच बारात ए येऊन जातो. त्याला क्विक चेंज म्हणतात. मिनिटाला 60 ठोक्यांच्या संथ ब्लूजमध्ये एक कोरस 48 सेकंदांचा होतो, 120च्या शफलमध्ये 24 सेकंदांचा. संथ ब्लूजमध्ये प्रत्येक ठोक्याच्या आत तीन बारीक ठोके असतात. ते बोटावर मोजू नका, पायाने मोठा ठोका धरा आणि तीनचे तुकडे कानाला पकडू द्या.

दोन ठिकाणी मोजणी हमखास चुकते. लाइटनिन हॉपकिन्स किंवा जॉन ली हूकर एकटे वाजवत असतात तेव्हा कॉर्ड मनाला येईल तेव्हा बदलतात. अकरा बारही होतात, साडेतेराही. ती त्यांची चूक नाही, त्यांच्यासाठी मोजणीचा रकाना कोरा ठेवा. आणि मायनर (कोमल गंधाराच्या कॉर्डवर उभ्या असलेल्या) ब्लूजमध्ये, उदाहरणार्थ बी. बी.च्या ‘द थ्रिल इज गॉन’मध्ये, बार बाराच असतात पण शेवटच्या चारांत कॉर्ड वेगळ्या येतात, त्यामुळे टर्नअराउंडची खूण सापडत नाही. तिथे ड्रमरच्या भरावांवर लक्ष ठेवा.

काय ऐकायचं

कागदावर पाच रकाने आखा: पहिला सूर, मोकळी जागा, बेंड, व्हायब्रेटो, संवाद. वेग हा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. किती सूर वाजवले हे कुणालाही लगेच ऐकू येतं, आणि म्हणूनच ते बाकी सगळं झाकून टाकतं.

पहिला सूर म्हणजे सोलोचा पहिला सूर कुठल्या ठोक्यावर येतो आणि किती जोरात येतो. गाण्याच्या शेवटच्या ओळीवर चढून येतो की ओळ संपून एक श्वास जाऊ देतो? बी. बी. गाताना गिटार वाजवत नाही आणि वाजवताना गात नाही. त्यामुळे त्याच्याकडे पहिला सूर म्हणजे गळ्याकडून हाताकडे झालेली बदली असते, आणि ती कुठे होते हे स्वच्छ ऐकू येतं.

मोकळी जागा मोजायला सोपी आहे. एका कोरसच्या बारा चौकटी काढा आणि ज्या बारात गिटार अर्ध्याहून जास्त वेळ गप्प आहे किंवा एकच सूर धरून आहे त्यावर फुली मारा. हॅमिल्टनच्या कार्यक्रमात अल्बर्ट आणि व्हॉन यांचे दोन-दोन कोरस असे आखून पाहा. दोघांची पानं शेजारी ठेवली की कोण किती बोलतो ते एका नजरेत दिसतं. फुल्या जास्त म्हणजे वादक श्रेष्ठ असं मात्र नाही. बडी गाय एका कोरसमध्ये एकही फुली पडू देत नाही आणि पुढच्यात जवळजवळ काहीच वाजवत नाही. त्याचा अर्थ दोन्ही कोरस मिळून लागतो.

बेंड ही ब्लूज गिटारची खरी परीक्षा, म्हणून इथे वेळ द्या. तार ओढून सूर चढवायचा, तर तो पोचायचा कुठे, हे वादकाला आधी ऐकू यावं लागतं. पूर्ण बेंड म्हणजे दोन फ्रेट (गिटारच्या गळ्यावरचे आडवे पडदे) वरचा सूर, अर्धा बेंड म्हणजे एक फ्रेट. तपासायची रीत अशी: बेंड येण्याआधी ट्रॅक थांबवा, तो सूर स्वतः गुणगुणा, मग पुढे सोडा. तुमच्या सुराला जाऊन मिळाला की नाही, कळेल. पण एक सूर याला अपवाद आहे. ब्लूजमधला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी राहतो; कोमल गंधारावरून तार जराशी सरकवून तो काढतात. तो पूर्ण चढला नाही म्हणून बेसूर ठरवाल तर ब्लूजचा गाभाच चूक म्हणून खोडाल. किती चढवला, आणि गाण्यातल्या प्रत्येक ठिकाणी तेवढाच चढवला का, एवढं लिहा.

बेंडमागचं यंत्र समजलं की फरक जास्त स्पष्ट ऐकू येतो. अल्बर्ट किंग डावरा होता आणि उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा न बदलता वाजवायचा. त्यामुळे बारीक तारा त्याच्या छातीच्या बाजूला यायच्या आणि बेंड करताना तो त्या खाली, जमिनीकडे ओढायचा. खाली ओढायला सगळ्या हाताचा जोर मिळतो, शिवाय त्याच्या तारा खालच्या सुरात, सैल लावलेल्या असत. म्हणून तो तीन-चार फ्रेट वरचा सूरही एका ओढीत गाठतो आणि वाटेत थांबून पुन्हा वर जातो. व्हॉन तोच सूर तारा वर ढकलून काढतो, आणि पहिली तार .013 इंचाची, म्हणजे नेहमीच्या .009 किंवा .010पेक्षा बरीच जाड. जाड तारेला ढकलायला जोर लागतो आणि सुटताना ती ठणकते. दोघांचा सूर एकच असला तरी तिथवर जाण्याचा रस्ता वेगळा ऐकू येतो. ओटिस रशही डावरा आणि त्याच्याही तारा उलट्या, त्यामुळे त्याला अल्बर्टबरोबर ठेवून पाहणं फार बोलकं आहे.

व्हायब्रेटोत तीन गोष्टी लिहा: सूर लागताच सुरू होतो की थोडा वेळ स्थिर राहून मग, वेग किती, आणि रुंदी किती. बी. बी.चा व्हायब्रेटो जलद आणि आटोपशीर. तो पहिल्या बोटावर मनगट हलवून काढतो, अंगठा गळ्यावरून सुटतो आणि बाकीची बोटं पंखासारखी उघडतात. व्हिडिओत हे अगदी स्पष्ट दिसतं. पीटर ग्रीनकडे पुष्कळदा सूर आधी सरळ उभा राहतो आणि मग कंप येतो. 0.5 वेगावर एका लांब सुरातले हेलकावे मोजा, घड्याळाच्या सेकंदांनी भागा आणि दोनाने गुणा. आकड्यापेक्षा सातत्य महत्त्वाचं: पाच लांब सुरांवर वेग सारखा राहतो का, की सूर चढेल तसा वाढतो?

संवाद या रकान्यात बाकीचा बँड येतो. गिटारच्या वाक्यानंतर पियानो किंवा ड्रम्स उत्तर देतात का, आणि ते ऐकून गिटार पुढचं वाक्य बदलते का? रीगलच्या रेकॉर्डिंगवर श्रोत्यांनाच एक वाद्य धरा.

गिटार कुठली, ॲम्प कुठला यावर बैठकीचा वेळ घालवू नका. सूर कसा उठतो हे ठरण्यात गिटारइतकाच, किंबहुना जास्त वाटा उजव्या हाताचा असतो (अल्बर्ट किंग आणि ओटिस रशच्या बाबतीत डाव्या). अल्बर्ट अंगठ्याने छेडायचा. फ्रेडी किंग अंगठ्यावर प्लास्टिकचा आणि पहिल्या बोटावर धातूचा पिक (तार छेडायची नखी) घालायचा. अल्बर्ट कॉलिन्स पिक वापरायचाच नाही, टेलिकास्टर गिटारवर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चाप) खूप वर लावून मायनर ट्यूनिंगमध्ये वाजवायचा, त्यामुळे त्याची वाक्यं दुसऱ्या कुणाच्या बोटांत सहज बसत नाहीत. ‘हाइड अवे’मध्ये मात्र ॲम्पचा एक फरक नोंदवाच: क्लॅप्टनची लेस पॉल गिटार मार्शल ॲम्पमधून मोठ्या आवाजात येते, सूर लांबतो, आणि लांबणारा सूर मिळाला की वादक तो धरून ठेवण्याच्या मोहात पडतो.

स्लाइड (बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारांवर सरकवत) वाजवणाऱ्यांना बेंड वाजवणाऱ्यांसमोर ठेवू नका. एल्मोर जेम्ससमोर डेरेक ट्रक्स ठेवा. तिथे काच किंवा धातू फ्रेटच्या बरोबर वर पडतो का आणि नको असलेल्या तारा गप्प राहतात का, हे दोन प्रश्न पुरतात.

बैठक चालवताना

पहिल्यांदा काहीही न लिहिता दोन्ही ट्रॅक ऐका. दुसऱ्यांदा फक्त कोरस मोजा आणि सोलो कुठल्या मिनिट-सेकंदाला सुरू होतो ते टिपा. तिसऱ्यांदा प्रत्येकाने एकच रकाना वाटून घ्या आणि तेवढाच भरा. पाचही रकाने एकदम भरायला गेलं की सगळेच अर्धवट राहतात. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करा, कारण नंतर ऐकलेलं जास्त लक्षात राहतं आणि त्याचंच पारडं जड होतं.

‘जबरदस्त बेंड’ अशी नोंद कामाची नाही. ‘दुसरा कोरस, पाचवा बार, बेंड पूर्ण चढला नाही, सोडून पुन्हा घेतला आणि या वेळी पोचला’ ही नोंद कामाची, कारण शेजारचा माणूस तीच जागा लावून तुम्हाला चूक किंवा बरोबर ठरवू शकतो. गुण देऊन बेरीज करू नका. व्हायब्रेटोचे सात आणि संवादाचे पाच मिळून बारा होतात, त्यात काहीच अर्थ नाही.

तीन जोड्यांच्या वर जाऊ नका. दीड तासानंतर कान थकतात आणि सगळेच सोलो सारखे वाटू लागतात.

व्हिडिओ बघताना

जुन्या व्हिडिओंची नावं आणि सालं पुष्कळदा चुकीची टाकलेली असतात. वादकाचा बँड, गिटार आणि कपडे यांवरून पडताळा घ्या. चित्र आरशासारखं उलटवलेलंही सापडतं, आणि डावऱ्या वादकांच्या बाबतीत याने मोठा घोळ होतो. ड्रमवरची किंवा ॲम्पवरची अक्षरं उलटी दिसतात का ते पाहा. टीव्हीच्या काही कार्यक्रमांत कलाकार आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर नुसता अभिनय करत, तेव्हा बोटं आणि सूर जुळतात का हे पहिल्या अर्ध्या मिनिटात तपासा. कॅमेरा बरेचदा चेहऱ्यावर जातो आणि नेमका बेंड निसटतो, त्याला इलाज नाही.

एक व्हिडिओ मात्र आवर्जून लावा. मे 1964 मध्ये ग्रॅनडा टीव्हीने मँचेस्टरमधल्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर ब्लूज आणि गॉस्पेलचा कार्यक्रम चित्रित केला; एका फलाटावर श्रोते, समोरच्या फलाटावर कलाकार. त्यात सिस्टर रोझेटा थार्प आणि मडी वॉटर्स दोघेही आहेत. थार्पची गिटार मंचभर फिरते, सोलोच्या मध्ये ती श्रोत्यांकडे बघून वाक्य संपवते आणि पुढचं त्यांच्या प्रतिसादावर सुरू करते. संवादाचा रकाना कसा भरायचा हे शिकायला याहून चांगला नमुना मिळणं कठीण. ‘सर्वश्रेष्ठ गिटारवादक’ अशा याद्यांवर वाद घालणाऱ्यांनी ती यादीत कुठे आहे हे बघण्याआधी ही दहा-पंधरा मिनिटं बघावीत.

प्रत्यक्ष मैफिलीत

2011 पासून मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल भरू लागला, आणि पहिल्याच वर्षी बडी गाय तिथे वाजला. शिलाँगचा सोलमेट बँडही त्या मंचावर ऐकायला मिळाला. अशा मैफिलीत तुलना करायची तर जागा आधी ठरवा. साउंड कन्सोलच्या आसपास उभं राहिलात तर सगळ्यात समतोल आवाज मिळतो, कारण इंजिनिअर तिथूनच ऐकून मिक्स करत असतो. अगदी पुढे गेलात तर गिटारचा ॲम्प थेट ऐकू येतो, पण गाणं आणि कीबोर्ड हरवतात. दोन कलाकारांची तुलना करायची असेल तर दोन्ही वेळा एकाच जागी उभे राहा.

कानाला प्लग लावा. 85 डेसिबलला आठ तास चालतात, पण आवाज दर 3 डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला ती 15 मिनिटांवर येते. संगीतासाठी बनवलेले प्लग सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या कमी करतात, फोमचे प्लग वरच्या पट्ट्या जास्त खातात आणि बेंडची धार बोथट होते.

मैफिलीत लिहीत बसू नका. गाण्यांचा क्रम आणि दोन-तीन खुणा मध्यंतरात फोनवर टाका, बाकी घरी जाताना. बडी गायसारखा वादक असेल तर एकच गोष्ट टिपा: त्याने आवाज किती खाली नेला आणि सभागृह गप्प व्हायला किती वेळ लागला. तो गिटार कुजबुजीपर्यंत आणतो, श्रोत्यांमध्ये उतरतो, आणि एकाएकी मोठा होतो. रेकॉर्डिंगमध्ये कॉम्प्रेशनमुळे हा उतार-चढाव चपटा होतो, म्हणून त्याचे अल्बम ऐकून काढलेले निष्कर्ष मैफिलीत टिकत नाहीत.

पुढच्या बैठकीसाठी ओटिस रशचं 1958चं ‘ऑल युवर लव्ह’ आणि त्याचंच क्लॅप्टनने ब्लूजब्रेकर्सबरोबर 1966 मध्ये केलेलं रूप शेजारी लावा. मायनरमधलं संथ गाणं मध्येच शफलमध्ये उडी घेतं. त्या उडीआधीचा शेवटचा बार दोघांनी कसा वापरला, एवढ्याच एका जागेवर पाचही रकाने भरून बघा.